अजिंक्यतारा ग्रॅनाइटचा? आधी दगड फोडून बघा

साताऱ्यात एक मजकूर बराच फिरतो आहे: अजिंक्यतारा, सज्जनगड ग्रॅनाइटचे, जमिनीखालच्या लाव्हाच्या समुद्रातून ग्रॅनाइट फुग्यासारखा वर आला आणि त्यानेच सह्याद्री आणि हिमालय उचलले.

"अजिंक्यतारा ग्रॅनाइटचा." नाही, तो बेसाल्टचा आहे, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. ताज्या तुकड्यात बेसाल्टचे कण भिंगाखालीही जेमतेम सुटे दिसतात. ग्रॅनाइटमधली क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक ही खनिजं नुसत्या डोळ्यांना दिसतात. घोळ ओट्यापासून सुरू होतो: बाजारातला 'काळा ग्रॅनाइट' बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो, म्हणजे वेगळाच काळपट खडक असतो. खरा ग्रॅनाइटी खडक आपल्या पायाखाली आहे, पण खोल. कोयना परिसरात 3 किलोमीटर बोअर घेतली, तेव्हा सुमारे 1,250 मीटर बेसाल्ट संपल्यावर तो लागला. लाव्हा येण्याच्या कितीतरी आधीच तो थंड होऊन बसला होता.

"खाली लाव्हाचा समुद्र आहे." असा समुद्र नाही. पृथ्वीच्या वरच्या कवचाखालचा जाड थर, म्हणजे प्रावरण, जवळजवळ सगळं घनच आहे. मग ग्रॅनाइटचा रस येतो कुठून? हिमालयात दोन भूखंड भिडले, कवच दुमडून सुमारे 70 किलोमीटर जाड झालं, आणि खोल गाडलेले मातकट गाळाचे खडक त्यांच्यातल्याच किरणोत्सारी उष्णतेने हळूहळू तापले. 700 ते 750 अंश सेल्सिअसला पांढरं अभ्रक फुटतं, त्यातलं पाणी शिलारसात (वितळलेल्या खडकात) जातं आणि खडकाचा थोडासाच भाग वितळतो. (लडाखचा ग्रॅनाइट वेगळा, तो टकरीआधी, सागरी तळ खाली सरकताना तयार झाला.)

"ग्रॅनाइटने हिमालय उचलला." इथे क्रमच उलटा आहे. टक्कर सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीची, गंगोत्रीचा ग्रॅनाइट सुमारे 2.3 कोटी वर्षांपूर्वीचा.

"फुग्यासारखा वर आला." एवढा मोठा गोळा थंड, ताठ खडक बाजूला रेटत निघाला, तर वाटेतच उष्णता गमावून गोठेल. प्रत्यक्षात रस आधी खडकाच्या पापुद्र्यांमध्ये मिलिमीटर-सेंटिमीटर जाडीने साठतो. डोंगर दाबला जात असताना तो पिळून निघतो, शिरांमधून भेगांत जातो, आणि वर जाणं सोपं राहत नाही तिथे आडवा पसरतो. एका थराखाली दुसरा, असे हप्त्याहप्त्याने थर भरत जाडी वाढते. म्हणून हिमालयातले असे बरेच ग्रॅनाइट भाकरीच्या चवडीसारखे आहेत.

गोमुखाला गेलात तर समोरचं शिवलिंग शिखर याच फिकट ग्रॅनाइटचं आहे. तिथल्या पांढऱ्या धोंड्यांत टुर्मलीन या खनिजाच्या काळ्या कांड्या शोधा. अजिंक्यताऱ्यावर त्या सापडणार नाहीत.