हे राइटचं नाही हो!

आमच्या बेंटनव्हिलच्या मराठी मंडळींकडे (बरेचसे वॉलमार्टच्या आयटीतले, नाहीतर आर्कान्सात कोण कशाला येतंय) भारतातून आईबाबा आले की त्यांना युरेका स्प्रिंग्जचं थॉर्नक्राउन चॅपल (रानातलं छोटंसं प्रार्थनाघर) दाखवायला नेणं ठरलेलंच, आणि तिथे कोणीतरी थोडंफार वाचून आलेलं हमखास विचारतं, "हे फ्रँक लॉइड राइटचं ना?" अहो नाही! राइट म्हणजे अमेरिकेतला गाजलेला आर्किटेक्ट, पण हे फे जोन्सचं, इथल्याच आर्किटेक्टचं.

मला ना याचा जाम वैताग येतो. जोन्स राइटचा शिष्य होता, मान्य. 1953 मध्ये टॅलिएसिनला, म्हणजे राइटच्या घर-स्टुडिओत, राहूनही आला. पण मग सरळ फेयेटव्हिल गाठलं, आर्कान्सा युनिव्हर्सिटीत 35 वर्षं शिकवलं आणि सोबत छोटंसं ऑफिस चालवलं, बास. न्यूयॉर्क नाही, शिकागो नाही. घरं आणि चॅपलं, जास्त करून याच भागातली. वॉलमार्टवाल्या सॅम वॉल्टनचं घरपण त्याचंच डिझाइन.

थॉर्नक्राउन 1980 चं. जागा एका रिटायर्ड शिक्षकाची, लोक ओझार्कचे डोंगर बघायला सारखे त्यांच्या आवारात यायचे म्हणून त्यांनीच चॅपल बांधायचं मनावर घेतलं. आता रानात मोठी मशीन घालायची तर झाडं पाडावी लागणार, ते जोन्सला नको, मग दोन माणसांना उचलून नेता येईल तेवढंच लाकूड वापरायचं असं ठरलं आणि डिझाइन निम्मं तिथेच झालं. सगळ्या बारीक बारीक फळ्या, त्याच जोडून कैच्या (छप्पर पेलणारे सांगाडे) केल्या आणि मग उभ्या केल्या. रुंदी फक्त 24 फूट, उंची 48, खिडक्या 425. आत गेलात की वर बघा, आडव्यातिडव्या फळ्या एकमेकींना छेदतात तिथे मधोमध लाकूडच नाही, पोकळ ठेवलंय. दुसऱ्या कोणी तिथेच सगळ्यात जास्त माल भरला असता! लाकडाला करडा रंगही हाताने चोळून लावलाय, बाहेरच्या खोडांशी मिळेल असा.

1990 मध्ये अमेरिकन आर्किटेक्ट्सच्या संस्थेचं गोल्ड मेडल मिळालं, तेसुद्धा गाव न सोडता. तरी ओळख काय, तर राइटचा चेला.

त्याची सगळीच कामं मला आवडतात असं नाही हां. बेला व्हिस्टाचं कूपर चॅपल 1988 चं, त्यातल्या स्टीलच्या गोलसर कमानी जरा जास्तच गोडगोड वाटतात. पाहुण्यांना मात्र फोटोसाठी तेच आवडतं, काय बोलणार.