‘हाव’ चालत नाही

आपल्याकडं ‘हाव’ म्हणजे होय, आणि त्या एका ‘हाव’मध्ये तीन कामं उरकतात: ऐकलं, पटलं, करतो. व्हॅटसिम या विमान उडवायच्या ऑनलाइन जाळ्यावर कंट्रोलर व्हायला बसलं की त्याच तीन कामांना तीन शब्द लागतात. ‘रॉजर’ म्हणजे नुसतं ऐकलं. ‘अफर्म’ म्हणजे होय. ‘विल्को’ म्हणजे ऐकलं आणि तसंच करतो. शिकवणीच्या पीडीएफमध्ये हे अर्ध्या पानात संपतं. मराठवाड्यातल्या जिभेवर बसायला महिना लागतो, असं माझं मत आहे.

व्हॅटसिम २००१ पासून चालू आहे. सिम्युलेटरवर घरबसल्या विमान उडवणारे एकीकडं, त्यांना घरबसल्याच वाट देणारे दुसरीकडं. पगार कुणालाच नाही, शिस्त मात्र खऱ्या टॉवरची. आधी नुसतं बसून ऐकायचं. मग ‘एस वन’ ही पहिली पायरी, म्हणजे डिलिव्हरी आणि ग्राउंड: परवानगी वाचून दाखवायची आणि विमान धावपट्टीच्या तोंडाशी नेऊन उभं करायचं. टॉवर त्याच्या पुढची पायरी.

परवानगीचा क्रम ठरलेला. विमानाचं नाव, कुठवर जायचं, कोणत्या वाटेनं, कोणती धावपट्टी, सुरुवातीला किती फूट, आणि स्क्वॉकचे, म्हणजे रडारवर विमान ओळखायच्या खुणेचे, चार आकडे. एवढंच. ‘जेवण झालं का’ला यात जागा नाही. पायलटनं ते सगळं परत म्हणून दाखवायचं, आणि खरी परीक्षा इथं आहे. आपलं बोलून झालं की नवशिक्याला मोकळं वाटतं, तो पुढच्या विमानाच्या माहितीच्या पट्टीकडं बघायला लागतो. इकडं पायलट ४३०१ च्या जागी ४३१० म्हणून मोकळा. चूक बोलणाऱ्याची असली तरी न ऐकणाऱ्याच्या नावावर पडते.

स्क्वॉकचंच बघा. प्रत्येक आकडा ० ते ७ मधलाच, म्हणून एकूण ४०९६ जोड्या होतात. मनानं ४५८९ दिला तर पायलटच्या यंत्रावर ८ आणि ९ सापडतच नाहीत. ७५००, ७६०० आणि ७७०० तर वाटायचेच नाहीत. ते अपहरण, रेडिओ बंद आणि आणीबाणीसाठी राखीव.

पण सगळ्यात मोठी फजिती उंचीत होते, कारण नवी मंडळी मुंबईचे कागद उतरवून घेतात. मुंबईचा विमानतळ समुद्राच्या कडेला, तिथं ३००० फूट म्हणजे जवळपास ३००० फूटच. आपला छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ मुळातच समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फुटांवर. तोच आकडा इथं दिला तर विमान जमिनीपासून जेमतेम ११०० फुटांवर घिरट्या घालणार, आणि पायलट विचारणार, ‘साहेब, पिकं बघायची आहेत का?’

वरच्या पातळीलाही दिशा असते. पूर्वेकडं जाणाऱ्याला विषम हजार फुटांची उंची, पश्चिमेकडं जाणाऱ्याला सम. मुंबईला सम, हैदराबादला विषम, इथवर कुणी अडत नाही. दिल्ली मात्र गाठते. सरळ उत्तरेला आहे म्हणून नवशिका नाणं उडवतो. नकाशा नीट बघितला तर दिल्ली चिकलठाण्याच्या जराशी पूर्वेला आहे, मार्ग उत्तरेपासून साधारण १० अंशांचा. म्हणजे विषम. परत येताना १९०, म्हणून सम.

वारा समजायला पीडीएफची काय गरज, हे मला आजवर कळलं नाही. वारा २७० म्हणजे पश्चिमेकडून येणारा. विमान त्याच्या तोंडावर उडवायचं, म्हणून धावपट्टी २७, म्हणजे २७० मधलं शेवटचं शून्य गाळून. खळ्यावर उफणलेल्या माणसाला वारा कुठून येतोय हे सांगावं लागत नाही. कॉम्प्युटरपुढं बसलेलं त्याचंच लेकरू मात्र २७० वाचून उलट्या टोकाची ०९ देतं, आणि विमान वारा पाठीवर घेऊन धावत सुटतं.

एका शब्दाची थट्टा मात्र मी करत नाही. ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच म्हणायचा, एरवी ‘डिपार्चर’. १९७७ मध्ये टेनेरिफला दोन जंबो विमानं धावपट्टीवर धडकून ५८३ माणसं गेली. त्या गोंधळात हा शब्द नको तिथं बोलला गेला होता. म्हणून ‘होल्ड शॉर्ट’लाही नुसतं ‘रॉजर’ चालत नाही. धावपट्टीच्या अलीकडं थांबतो, हे पायलटच्या तोंडून ऐकायचंच.

बाकी हाल घरचे. सगळं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक वेळेवर. कार्यक्रम १४०० चा असला की आपल्याकडं संध्याकाळचे साडेसात, म्हणजे ताट वाढायची वेळ. बोलायचं बटण दाबून क्षणभर थांबावं, नाहीतर ‘नॉट अप्रूव्हड’मधला ‘नॉट’ गायब होतो. उन्हाळ्यात माइक कूलरकडं पाठ करून ठेवावा. नाहीतर पायलटला वाटतं, टॉवरवरच हेलिकॉप्टर उतरलंय. आणि लाईट गेली तर? पायलट १२२.८०० या सामाईक फ्रिक्वेन्सीवर जाऊन आपसात सांगून उतरतात, पण तुमची अब्रू जाते. म्हणून कॉम्प्युटरबरोबर राउटरही इन्व्हर्टरवर घ्यावा. आता त्याच इन्व्हर्टरवर कूलर चालला पाहिजे, असं घरच्यांचं म्हणणं असतं. ‘कुणाशी बडबडायलास रातभर? काढ ते वायर.’ इथं रॉजर, अफर्म, विल्को यातलं काही लागू पडत नाही. हाव म्हणायचं आणि हेडफोन खाली ठेवायचे.