वर काहीच नसलेला डोंगर

"वर देऊळ आहे का?" आईने फोनवर विचारलं. नाही. "किल्ला?" तोही नाही. "मग कशाला गेलीस एवढ्या वाऱ्यात?"

स्कॉटलंडमध्ये एडिनबराच्या नैर्ऋत्येला पेंटलंड हिल्स ही डोंगररांग आहे. ए-७०२ रस्त्यावरच्या नाइन माइल बर्न या वस्तीपासून मंक्स रिग नावाची लांब, गवताळ सोंड वर चढते आणि वेस्ट किप या डोंगराला जाऊन भिडते. उंची ५५१ मीटर. आपल्या सिंहगडाच्या निम्मीही नाही. मंगळवारी सकाळी गेले, तर वाटेत एकही माणूस भेटला नाही. चंडोल मात्र डोक्यावर अखंड गात होता.

सोंडेवर मध्येच एक जुना दगड आहे, फॉन्ट स्टोन. वर चौकोनी खळगा. त्यात पूर्वी क्रूस उभा असावा, असं म्हणतात. मी गेले तेव्हा त्यात पावसाचं पाणी साचलं होतं आणि वाऱ्याने त्यावर बारीक सुरकुत्या उठत होत्या. मी तिथे किती वेळ बसले कोण जाणे.

मला खरं सांगायचंय ते फाटकाबद्दल. ही मेंढ्यांची कुरणं आहेत, कुणाच्या तरी मालकीची. तरी मला कुणी अडवलं नाही, तिकीट नाही, परवानगी नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने हा हक्क सगळ्यांना दिलाय: बहुतेक जमिनीवरून, पाण्यावरूनही, कुणीही जावं. घराच्या आवारात शिरायचं नाही, उभं पीक तुडवायचं नाही, आणि जबाबदारीने वागायचं. म्हणजे फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं, मोकळ्या डोंगरावर कोकरं असतील तेव्हा कुत्रा दोरीला बांधून जवळ ठेवायचा. बघायला कुणी नसतं. कडी आपणच लावायची. माणसावर एवढा भरवसा टाकणारा कायदा मला फार मोलाचा वाटतो.

इथे येणारे आपले पाहुणे एडिनबरा कॅसल, लॉख नेसचं सरोवर, स्काय बेट करतात आणि परततात. कराच, सुंदरच आहे ते. पण एक सकाळ असल्या बिननावाजलेल्या डोंगराला द्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शेवटचा चढ उभा आहे, गवत ओलं असतं, बूट चांगले घाला. माथ्यावर जेमतेम काही जणांपुरती जागा. उत्तरेला फोर्थची खाडी, पलीकडे फाइफचा किनारा.

आईला तिथूनच व्हिडिओ कॉल लावला होता. वाऱ्यात तिला माझं काही ऐकू येईना. ती नुसती बघत राहिली, मग म्हणाली, "जरा डावीकडे फिरव."