राखेचं सिमेंट आणि मामांच्या परत गेलेल्या साठ गोण्या

कऱ्हाडजवळ मामांच्या घराचं काम स्लॅबवर आलंय. परवा त्यांनी पीपीसीच्या, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटच्या, साठ गोण्या दुकानदाराला परत पाठवल्या. कारण काय, तर एक फॉरवर्ड: ‘पीपीसी म्हणजे राखेची भेसळ. स्लॅब गळणारच. 53 ग्रेड ओपीसीच घ्या. पर्यावरण वगैरे कंपन्यांचं नाटक.’ (ओपीसी म्हणजे राख न घातलेलं साधं सिमेंट.) फॅमिली ग्रुपवर चौघांनी वर अंगठेही दिले!

भेसळ चोरून करतात हो. इथे गोणीवरच ‘फ्लाय ॲश बेस्ड’ छापलेलं असतं. आयएस 1489 या भारतीय मानकात राखेचं प्रमाण 15 ते 35 टक्के असं बांधून दिलंय. आणि ही राख चुलीतली नव्हे. औष्णिक वीज केंद्रात दळलेला कोळसा जळून उरलेली, मैद्यासारखी मऊ भुकटी. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना चुना मोकळा होतो. नुसत्या ओपीसीत तो तसाच पडून राहतो. फ्लाय ॲश त्याला हळूहळू पकडते आणि त्यातून आणखी बांधून धरणारा पदार्थ तयार होतो. बारीक छिद्रं बुजतात. म्हणजे नीट पाणी मारलेला पीपीसीचा स्लॅब उलट कमी झिरपतो. रोलर कॉम्पॅक्टेड, म्हणजे रोलर फिरवून दाबलेल्या, काँक्रीटचं देशातलं पहिलं धरण आपल्या घाटघरचं, त्यात फ्लाय ॲश भरपूर आहे. धरणाला चालतं, मामांच्या हॉलला चालत नाही!

पर्यावरणाच्या नाटकाचं म्हणाल, तर सिमेंटचा जीव क्लिंकरमध्ये, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या, दळून सिमेंट होणाऱ्या खड्यांमध्ये. त्यासाठी चुनखडी भाजावी लागते आणि शुद्ध चुनखडीच्या 100 किलोंतून 44 किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच सुटतो. भट्टीच्या कोळशाचा वेगळा. भट्टी उद्या विजेवर चालवली तरी दगडातला सुटणारच. म्हणून राखेमुळे क्लिंकर कमी लागणं महत्त्वाचं. कंपनीला ते स्वस्त पडतं हेही खरं. पडू दे की.

53 हा आकडा सिमेंटच्या 28 दिवसांच्या ताकदीच्या चाचणीचा, तुमच्या स्लॅबचा नाही. माल पळता व्हावा म्हणून गवंड्याने त्यात पाण्याचा पाइप सोडला की कुठल्याही ग्रेडची वाट लागते.

एक गोष्ट मात्र फॉरवर्डवाल्याच्या बाजूने जाते. पीपीसी सुरुवातीला सावकाश ताकद धरतं. आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक ओपीसीला किमान 7 दिवस पाणी मारायला सांगतं, मिश्र सिमेंटला किमान 10. सेंट्रिंग काढायचे त्यातले दिवसही ओपीसी धरून दिलेत. तेव्हा मामा, गोण्या परत मागवा, आणि सेंट्रिंगवाल्याला आजच सांगा: इंजिनिअर म्हणेपर्यंत एकही टेकू हलवायचा नाही.