स्क्रू आवळणाऱ्यांच्या देशातून

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि त्यात दर दोनेक महिन्यांनी तेच भांडण होतं. कोणीतरी बातमी टाकतो की अमुक लॅपटॉप आता भारतात बनणार, आणि हिंजवडीत मोठी टीम सांभाळणारा आमचा एक मित्र लगेच लिहितो, "बनणार काय, जोडणार म्हण. स्क्रू आवळायला कसली आलीय अक्कल." मग स्माईल कर्व्हचं चित्र येतं. ते आलं की समजायचं, आज कोणी लवकर झोपत नाही. एका टोकाला डिझाईन, दुसऱ्या टोकाला ब्रँड, पैसा तिथे, आणि मधे असेंब्लीचा खड्डा. त्या खड्ड्यात आपण उतरायचंच कशाला, असं त्याचं म्हणणं.

२०२५ च्या मे महिन्यात हे चित्र पुन्हा आलं तेव्हा मी तैवानमध्ये, एचएसआरमधून म्हणजे इथल्या बुलेट ट्रेनमधून तैपेईतल्या नानगांगला उतरून मेट्रोच्या ब्लू लाईनचं शेवटचं स्टेशन गाठत होतो, कॉम्प्युटेक्स या कॉम्प्युटरच्या प्रदर्शनाला. डोकंच फिरलं. अरे, तो कर्व्ह काढणारा माणूस इथलाच, एसरचा स्टॅन शी. कंपनी काढली १९७६ मध्ये, कर्व्ह काढला १९९२ च्या सुमारास. मधली पंधरा-सोळा वर्षं तो आणि त्याची माणसं काय करत होती, ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

असो. प्रदर्शन १९८१ पासून भरतंय, मी त्यातली दहाएक पाहिली असतील. आधी मदरबोर्ड, कॅबिनेट, रंगीत दिवेवाले पंखे यांची जत्रा असायची, आता जिकडेतिकडे एआय. सगळ्यात जास्त गर्दी सर्व्हरच्या कपाटांपुढे. एका रॅकमध्ये ७२ जीपीयू, म्हणजे एआयचं गणित करणाऱ्या चिप, एकट्याला सव्वाशे किलोवॅटच्या आसपास वीज, आणि ती उष्णता पंख्यांना झेपत नाही म्हणून आत पाईपांतून कूलंट फिरवलेलं. लोक त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढत होते, गावात नवीन ट्रॅक्टर आल्यावर काढतात तसे. मीही काढला. दुसरीकडे एनव्हिडियाचा तो चिमुकला एआय कॉम्प्युटर, तळहातावर मावेल एवढा, १२८ जीबी मेमरीचा. आसुसचा वेगळा, एमएसआयचा वेगळा, गिगाबाईटचा वेगळा, पण आत चिप तीच. स्टॉलवरचा पोरगा मला समजावत होता की आमच्या डब्याची जाळी वेगळी आहे, हवा जास्त चांगली खेळते. तुम्ही हसाल, मी नाही हसलो. माझं पोट त्याच जाळीवर चालतं, पण त्याकडे नंतर येतो.

मला थांबवलं ते पार मागच्या गल्लीतल्या एका स्टॉलने. दोन टेबलं जोडलेली, मागे साधा बॅनर, आणि विकायला फक्त बिजागऱ्या. लॅपटॉपच्या. एक छोटं मशीन एका स्क्रीनची उघडझाप करत होतं, टक, टक, आणि बाजूच्या मोजणीने केव्हाच पाच आकडे गाठलेले. लाओबान, म्हणजे मालक, साठीचा असेल, दोन्ही हातांनी कार्ड दिलं आणि माझ्या तळव्यावर एक बिजागरी ठेवली, करंगळीएवढी. म्हणाला उघड. एका बोटाने झाकण उघडलं तर खालची बाजू टेबलावरून उचलली जायला नको, आणि बसमध्ये मांडीवर धक्के बसले तर स्क्रीन मागे पडायला नको. दोन्ही एकाच वेळी पाहिजे, आणि पाच वर्षांनी पण पाहिजे. घर्षण किती ठेवायचं, ग्रीस कुठलं, स्टीलला ताव कसा द्यायचा, यात त्याची तीस वर्षं गेली. ही अक्कल स्माईल कर्व्हवर कुठे बसते, सांगा मला.

फोटो काढून ग्रुपवर टाकला. लांबलचक लिहिलं. एक अंगठा आला.

इथे कारखान्यातल्या लाईनवर आता फिलिपिन्स आणि व्हिएतनामची मुलं-मुली उभी असतात आणि इथली पोरं सायन्स पार्कच्या एसीत बसायला बघतात, हे मी त्यात लिहिलं नाही. मुद्दा बिघडला असता.

मग उत्तर आलं, अपेक्षित तेच. "तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस." याच ग्रुपवर सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा प्रकल्प तळेगावला न येता गुजरातला गेला म्हणून चार दिवस आग लागली होती, १ लाख ५४ हजार कोटी हा आकडा सगळ्यांना पाठ झालेला. पुढच्या जुलैत फॉक्सकॉनच बाहेर पडली, तेव्हा ग्रुपवर कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक होता. चिप म्हटलं की अस्मिता जागी होते. बिजागरी कोणी पळवली म्हणून कधी मोर्चा निघालाय का?

पण ते "तिकडे बसून" लागलं, खोटं कशाला बोलू. एनव्हिडियाचा प्रमुख जेन्सन हुआंग तैवानमध्ये जन्मला, लहानपणीच देश सोडला, तरी दरवर्षी इथे आला की लोक त्याच्यामागे धावतात, स्टॉलवाले सर्किट बोर्डावर त्याची सही घेऊन काचेत ठेवतात. त्याला कोणी नाही म्हणत तू तिकडे बसून बोलू नकोस. अर्थात त्याच्याकडे एनव्हिडिया आहे. माझ्याकडे एआरसी आहे, परदेशी माणसाला इथे राहायचं कार्ड, तेही दर तीन वर्षांनी रिन्यू करायचं.

आणि मी तरी कोण लागून गेलो. कॉलेजात असताना तपकीर गल्लीतून पार्ट आणून नातेवाइकांचे पीसी जोडायचो, मदरबोर्डच्या खोक्यावर मेड इन तैवान छापलेलं असायचं. मामाने एका लग्नात "हा कॉम्प्युटर रिपेअर करतो" अशी ओळख करून दिली तेव्हा मी मान खाली घालून पाणी आणायच्या निमित्ताने सटकलो होतो. पुढे बायोडेटात त्याबद्दल एक ओळ लिहिली नाही. आज तैवानच्या शिनचू शहरात मी लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज मोजतो. आवाज गिळणाऱ्या खोलीत मशीन ठेवायचं, माईक लावायचा, किती डेसिबलला माणूस वैतागेल ते बघायचं, म्हणून ती जाळी. आई सगळ्यांना सांगते, मुलगा तैवानला चिपमध्ये आहे. चौदा वर्षांत मी तिला एकदाही दुरुस्त केलं नाही. त्या लाओबाननेही विचारलं, "इंडिया? सॉफ्टवेअर?" मी हो म्हणालो. सोपं पडतं.

बिजागरी त्याने ठेवून घे म्हणून दिली. परतीच्या गाडीत उघडझाप करत बसलो होतो तर शेजारच्या आजीबाई जागा बदलून गेल्या.

रात्री मित्राचा वेगळा मेसेज, ग्रुपवर नाही, खासगी. "दिवाळीला येतोयस ना? मुलीला लॅपटॉप घ्यायचाय, तिकडून आण ना एक, स्वस्त पडेल." इथल्या कीबोर्डवर इंग्रजीसोबत चिनी उच्चारांची अक्षरंही असतात. मी लिहिलं, त्यावर बोपोमोफो छापलेलं असतं. तो म्हणाला ते काय असतं माहीत नाही, पण चालेल.