चहा-साखरेच्या आठवणींबरोबर आईच्या पगाराचीही आठवण विचारा

ग्लासगोत राहायला आल्यापासून इथल्या वृद्ध शेजाऱ्यांकडून दुसऱ्या महायुद्धातल्या घरगुती गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या. जानेवारी १९४० मध्ये सुरू झालेले रेशनिंग, माणशी आठवड्याला दोन औंस चहा, अंड्यांऐवजी मिळणारी भुकटी, कुणालाच न आवडलेला ‘नॅशनल लोफ’ नावाचा तो करडा पाव, हे सारे त्यांना अजून नेमके आठवते. या आठवणी खऱ्या आहेत आणि मला त्या प्रियही आहेत. परंतु त्या लहान मुलांच्या नजरेतल्या असल्यामुळे त्यांत आई रांगेत उभी दिसते, कारखान्यात मात्र दिसत नाही, याची मला खंत वाटते.

डिसेंबर १९४१ च्या कायद्याने २० ते ३० वयाच्या अविवाहित स्त्रियांवर युद्धसेवेची सक्ती आली आणि पुढे लेकुरवाळ्या स्त्रियाही मोठ्या संख्येने कामावर गेल्या. माझ्या शेजारच्या आजींची आई जवळच्या हिलिंग्टनला, विमानांची मर्लिन इंजिने बनवणाऱ्या कारखान्यात होती. कामाची पाळी संपवून, रांगेत उभे राहून, ब्लॅकआउटच्या (हवाई हल्ल्यांच्या भीतीने दिवे झाकण्याच्या) अंधारात ती घरी येई, एवढे आजी सांगतात; ती कोणत्या यंत्रावर होती, हे घरात कुणी कधी विचारलेच नाही.

याच कारखान्यात १९४३ च्या अखेरीस, पुरुषांइतकेच काम करूनही कमी वेतन मिळते म्हणून हजारो स्त्रियांनी संप केला. पुरुष कामगारही त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि वेतन माणसावरून नव्हे, तर कामावरून ठरवण्याचा करार झाला. मार्च १९४४ मध्ये शिक्षिकांना समान वेतन देण्याची दुरुस्ती संसदेत एका मताने मंजूर झाली, तेव्हा चर्चिल यांनी तो विश्वासदर्शक ठरावाचा प्रश्न केला आणि दोनच दिवसांत ती फिरवून घेतली. समान वेतनाचा कायदा झाला तो १९७० साली, आणि लागू व्हायला १९७५ ची अखेर उजाडली. सर्वांनी हसतमुखाने सारे वाटून घेतले, हे युद्धकाळाचे चित्र म्हणूनच मला अपुरे वाटते.

इथल्या कुटुंबांत सून किंवा जावई म्हणून गेलेल्या मराठी मित्रमैत्रिणींना माझी कळकळीची विनंती आहे: सासरच्या ज्येष्ठांशी बोलताना, त्यांची आई काय काम करत होती, शेजारच्या पुरुषाला किती आणि तिला किती मिळत होते, तान्हे मूल कोण सांभाळत होते आणि युद्धानंतर ती नोकरी टिकली का, हे जरूर विचारा आणि लिहून ठेवा.