‘ताईंनी एकही निवडणूक लढवली नाही’ म्हणे!

आमच्या नात्यागोत्यातल्या ग्रुपवर एक मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी तणासारखा उगवतो. मजकूर साधारण असा: प्रतिभाताई पाटील यांनी आयुष्यात एकही निवडणूक लढवली नाही. दिल्लीच्या मर्जीने त्या थेट राष्ट्रपती भवनात गेल्या, त्याही बिनविरोध. संसदेतलं काम शून्य, राष्ट्रपती म्हणूनही नुसता शिक्का. आणि मुळात त्या अमरावतीच्या, खानदेशाने उगाच मिरवू नये. खाली हात जोडलेले, ‘पुढे पाठवा’. या वेळी तो भुसावळच्या भाच्याने टाकला. पोराने पहिलं मतदान २०१४ साली केलं, त्याला काय बोलणार? म्हणून इथेच लिहितो.

निवडणुकीचंच आधी घेऊ. १९६२ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, जळगाव कोर्टात वकिली करणारी ही मुलगी जळगावातून आमदार झाली. महाराष्ट्र राज्य तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं होतं. पुढे १९६७, १९७२, १९७८ आणि १९८० अशा चार वेळा त्या एदलाबादमधून निवडून आल्या. सरकारी कागदावर आता मुक्ताईनगर आहे, पण जुनी माणसं एदलाबादच म्हणतात. नंतर १९९१ साली अमरावतीतून लोकसभा. म्हणजे लोकांनी शिक्का मारून दिलेले सहा विजय. राज्यसभा मी यात धरलेलीच नाही, कारण तिथे आमदार मत देतात.

मधल्या काळात त्या आधी उपमंत्री आणि १९७२ नंतर कॅबिनेट मंत्री होत्या. समाजकल्याण, आरोग्य, दारूबंदी अशी खाती त्यांनी सांभाळली. शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचं सरकार असताना १९७९-८० मध्ये त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. ‘थेट’ या शब्दात हे सगळं कुठे बसवायचं?

मग असा समज झाला कसा? मला वाटतं, १९९६ ते २००४ या आठ वर्षांमुळे. लोकसभेची मुदत संपल्यावर त्या कुठल्याच सभागृहात नव्हत्या. नंतर राजस्थानच्या राज्यपाल झाल्या आणि २००७ मध्ये अचानक नाव पुढे आलं, तेव्हा तरुण पत्रकारांना त्या कोऱ्या पाटीसारख्या वाटल्या. नाव पुढे येण्यात सोनिया गांधींची मर्जी होती, हे खरंच आहे. पण मर्जीने उमेदवारी मिळते, मागचे सहा विजय त्यातून येत नाहीत.

‘बिनविरोध’ तर साफ खोटं. आजवर बिनविरोध राष्ट्रपती झाले ते एकटे नीलम संजीव रेड्डी, १९७७ साली. ताईंसमोर भैरोंसिंह शेखावत होते, तेव्हाचे उपराष्ट्रपती. ताईंना ६,३८,११६ आणि शेखावतांना ३,३१,३०६ मतं पडली. यावर ग्रुपात एकाने विचारलं, “अख्ख्या देशात सहा लाखच?” अहो, हे मतमूल्य आहे. त्या वेळी एका खासदाराचं मत ७०८ आणि महाराष्ट्रातल्या एका आमदाराचं १७५ धरलं जायचं. आणखी एक गंमत म्हणजे शिवसेना तेव्हा भाजपच्या आघाडीत होती, तरी मराठी उमेदवार म्हणून तिने मत ताईंना दिलं.

संसदेतलं काम. १९८५ साली त्या राज्यसभेत गेल्या आणि १९८६ च्या नोव्हेंबरात उपसभापती झाल्या. उपसभापती म्हणजे शोभेची खुर्ची असं ज्यांना वाटतं, त्यांनी १९८७ चा उन्हाळा सरल्यावरचे दिवस पाहावेत. उपराष्ट्रपती हाच राज्यसभेचा सभापती असतो. वेंकटरमण राष्ट्रपती झाले आणि ती जागा रिकामी पडली. शंकरदयाळ शर्मा येईपर्यंत, २५ जुलै ते २ सप्टेंबर, सभापतीचं काम ताईंकडे होतं. ते बोफोर्स तोफखरेदीच्या वादाचं वर्ष होतं. पुढे १९८८ मध्ये त्या प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या आणि उपसभापतिपद सुटलं.

‘राष्ट्रपती म्हणजे नुसता शिक्का’ हे तर कुठल्याही राष्ट्रपतीबद्दल म्हणता येईल. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचं, हे घटनेतच लिहिलंय. राज्यपाल असताना त्यांनी राजस्थानचं धर्मांतरविरोधी विधेयक २००६ साली सही न करता परत पाठवलं होतं. ते पटो न पटो, त्याला शिक्का म्हणत नाहीत.

अमरावती हे त्यांचं सासर. लग्न १९६५ सालचं, म्हणजे पहिली आमदारकी माहेरच्या बळावर. जन्म नाडगावचा, आजच्या बोदवड तालुक्यातला. शाळा जळगावात, कॉलेज मूळजी जेठा, तिथेच टेबल टेनिसच्या ढाली. गिरणेकाठी बांभोरीचं इंजिनिअरिंग कॉलेज त्यांच्याच संस्थेचं, आमच्याकडच्या कितीतरी केळीवाल्यांची पोरं तिथून शिकली.

मी ताईंचा भक्त नाही. त्यांच्या नावाने सुरू झालेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ साली रद्द केला. परदेश दौऱ्यांच्या खर्चावर टीका झाली. पुण्यात लष्कराच्या जागेवर निवृत्तीनंतरचं घर होणार होतं, तेही बोंबाबोंब झाल्यावर सोडावं लागलं. मेसेज लिहिणाऱ्याला टीकाच करायची होती, तर एवढं सगळं हाताशी होतं. त्याने उचललं नेमकं तेच, जे एदलाबादच्या पारावर बसलेला सत्तरी ओलांडलेला कुठलाही माणूस तंबाखू मळता मळता खोटं पाडेल, कारण त्या मतपत्रिकेवर त्याने स्वतः शिक्का मारलाय.